कोहळ्याचं पान किती रुंद असते?

मी आत्ता कळमना मार्केटमध्ये उभा आहे. सकाळचे साडेसहा वाजले आहेत. मागे हमालांचा आवाज येतोय, तो तुम्हाला ऐकू येत असेल. समोर कोहळ्याचा ढीग आहे. पुण्या-मुंबईकडचे लोक याला लाल भोपळा म्हणतात, आपण कोहळं म्हणतो.

याच ठिकाणी तीन वर्षांपूर्वी मी मान खाली घालून उभा होतो. आज तीच गोष्ट सांगतो, कारण ती तणाची गोष्ट आहे. आणि माझ्या आळसाचीही.

आईनं तेव्हा पहिल्यांदा मला एक एकर वावर दिलं होतं. म्हणाली, "बाबू, हे तुझ्या हिशेबानं कर. बहिणीची कॉलेजची फी याच्यातूनच निघाली पाहिजे." मी उन्हाळी कोहळं लावलं. दोन ओळींत जवळपास तीन मीटर अंतर सोडलं, कारण वेल लांब पसरतो. बी छान उगवलं.

आता गंमत बघा. वेल पसरेपर्यंत साधारण महिना जातो. तोपर्यंत मधली एवढी मोठी जागा रिकामीच असते. तिथे पाणी आहे, खत आहे, ऊन आहे. तण कशाला सोडते! घोळ, केना, गाजरगवत, लव्हाळा, सगळे हजर.

आई रोज म्हणे, "वेल धावायच्या आधी निंदून घे. एकदा वेल धावला का मंग पाय ठेवायला जागा नाही राहत." पण हरभरा काढणी सुरू होती, निंदणाला बाया मिळत नव्हत्या. आणि मी एकटा विळा घेऊन बसायला तयार नव्हतो. पंचविसाव्या दिवशी पाहतो तर तण वेलापेक्षा उंच!

घरात गव्हावर मारून उरलेलं तणनाशक होतं, टू-फोर-डी. डब्यावर लिहिलेलं, रुंद पानांच्या तणांसाठी. मी म्हटलं, झालं काम. दुपारी पंप पाठीवर घेतला आणि ओळींच्या मधून मारत सुटलो. वारा होता, पण मी म्हटलं, मी काय वेलावर थोडीच मारतोय?

दोन दिवसांत वेलांचे शेंडे पिळले. पानं चुरगळली. आई वावरात आली, एक पान हातात घेतलं आणि एवढंच विचारलं, "बाबू, कोहळ्याचं पान अरुंद असते का रे?"

थाळीएवढं पान! मी रुंद पानांचं औषध रुंद पानांच्या पिकाशेजारी मारलं होतं. गहू गवताच्या कुळातला, म्हणून त्यात हे औषध चालते. कोहळं, काकडी, कपाशी यांना त्याचा नुसता उडालेला तुषारही पुरतो. बाजूला कोणाची कपाशी असेल तर तिचंही नुकसान होते, हे कायम लक्षात ठेवा.

अर्धे वेल गेले. उरलेल्यांना लहान फळं धरली. इथेच अडत्यानं ती वेगळी काढली आणि भाव पाडला. फी आईनं बचत गटातून कर्ज काढून भरली. बहीण मला एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागलं.

पुढच्या वर्षी मी काय केलं, ते सांगतो.

एक, लावणीआधी वावराला पाणी दिलं आणि आठ-दहा दिवस थांबलो. वरच्या थरातलं तण उगवून आलं, त्यावर उथळ वखर फिरवला आणि मग बी टोबलं. पहिली फौज तिथेच गारद.

दोन, ठिबक लावलं. पाणी वेलाच्या बुडाशीच. उन्हाळ्यात मधला पट्टा कोरडा राहिला की तिथे तणही कमी.

तीन, पंधरा-वीस दिवसांनी पहिलं निंदण, महिन्याच्या आसपास दुसरं. ओळींच्या मधून डवरा, पण उथळ. बुडाजवळ फक्त हात आणि विळा, कारण मुळं वरच्या थरातच असतात.

चार, निंदल्यावर सोयाबीनचं कुटार तीन-चार बोटं जाड पसरलं. तणाला ऊन मिळत नाही, ओल टिकते आणि फळ मातीला टेकत नाही.

पाच, वेल धावला की डवरा बंद! पेरापेरांवर मुळं फुटलेली असतात, ती तुटतात. आता पानंच जमीन झाकतात, कोहळं स्वतःच तणाला दाबते. वर डोकं काढलेलं एखादं तण हातानं उपटायचं, बी धरायच्या आत.

लव्हाळा नुसता उपटून जात नाही, खाली गाठी राहतात. उन्हाळी नांगरटीनं त्या वर काढून उन्हात वाळवायच्या आणि वेचायच्या. धुऱ्यावरचं गाजरगवत फुलोऱ्याआधी काढा, हातमोजे घालून. अंगाला खाज सुटते, दमाही होतो. एकेका झाडावर हजारो बिया असतात.

आणि तणनाशक वापरायचंच असेल, तर डब्यावर तुमच्या पिकाचं नाव आहे का ते आधी वाचा. नाव नसेल तर झाकण उघडू नका. तणनाशकाचा पंपही वेगळा ठेवा. त्याच पंपानं नंतर कीटकनाशक मारलं तरी कोहळं पिळू शकते.

कर्ज फिटलं. बहीण आता शेवटच्या वर्षाला आहे. आज हा जो ढीग दिसतोय ना, तो आमचाच आहे. त्यातलं एक कोहळं घरी परत नेणार आहे, तिला कोहळ्याचे बोंडं आवडतात म्हणून.

तर मंडळी, महिनाभर तुम्ही कोहळ्याला सांभाळा, पुढे ते तुम्हाला सांभाळते. तुमच्या वावरात कोणतं तण जास्त त्रास देते, ते आवाज रेकॉर्ड करून पाठवा. भेटू पुढच्या भागात. चला, काट्यावर आमचा नंबर आला!