गाड्यावरचं पाणी



चैत्र लागला की परंडा तालुक्यातल्या सोनारीला काळभैरवनाथाच्या यात्रेसाठी रीघ लागते. उन्हाचा तडाखा, घशाला कोरड. भजी, भेळ, रस, बर्फगोळ्याच्या गाड्यांवर झुंबड उडते. हे खाणं आपल्या आवडीचं, आणि विकणाऱ्याचं घर त्यावरच चालतं. ते निर्धोक व्हावं, म्हणून आज गाड्यावरच्या पाण्याविषयी बोलायचं आहे.

कढईतून नुकतंच काढलेलं भजं सहसा बाधत नाही. उकळत्या तेलात जंतू तग धरत नाहीत. पण चिरलेला कांदा, कोथिंबीर, हिरवी चटणी, पाणीपुरीचं पाणी यांना विस्तव लागतच नाही. प्लेटा विसळायच्या बादलीकडे जरा निरखून पाहा. सकाळचं नितळ पाणी दुपारपर्यंत गढूळ होतं, वर तेलाचा तवंग येतो. त्यातूनच निघालेली प्लेट ओल्या फडक्यानं पुसून पुढच्या गिऱ्हाइकाला मिळते.

ई. कोलाय हा जंतू माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. तो चटणीत सापडला, तर पाण्यातून किंवा न धुतलेल्या हातांतून मैल्याचा अंश तिथवर पोचला असं समजावं. पोषक ऊब मिळाली की तो सुमारे 20 मिनिटांत दुप्पट होतो. या हिशेबानं सकाळी 10 वाजताच्या एका जंतूचे संध्याकाळी 5 पर्यंत 20 लाख होतात. चवीत, वासात मात्र काही कळत नाही.

बर्फातही जंतू जिवंत राहतात. अखाद्य बर्फ सरबतात पडू नये, म्हणून राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं 2018 मध्ये त्यात निळा रंग घालणं बंधनकारक केलं. निळसर बर्फ दिसला तर तो पोटात घालू नका.

विक्रेत्या बंधुभगिनींनो, चटणी थोडी थोडी करा, झाकून ठेवा, पैसे घेतलेले हात साबणानं धुवा. पण जवळ नळच नसेल, तर तुम्ही पाणी आणायचं कुठून? 2014 च्या कायद्यानं पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिलं. त्याच्या जोडीला शुद्ध पाणीही हवं. परंड्याच्या बाजारात नगरपरिषदेनं आणि यात्रेत ग्रामपंचायतीनं गाड्यांच्या रांगेलगत नळ द्यावा. गावच्या पाण्यातलं क्लोरीन ओ.टी. चाचणीनं तपासतात, तसं या नळांच्या पाण्यातलंही रोज तपासावं. येत्या यात्रेआधी होणाऱ्या ग्रामसभेत ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून करू या.