वेष्टनावरील हसरा चेहरा

हिंजवडीशेजारच्या मारुंजी गांवांतील एखाद्या दुकानासमोर क्षणभर उभें राहावें. अक्षरओळख न झालेलें मूलहि तेथें नेमकी हवी तीच चॉकलेटची वडी मागतें. कारण त्याला चित्र वाचतां येतें. मिठाई विकणाऱ्यांनीं मुलांची ही विद्या फार पूर्वींच हेरली. तिचा उपयोग त्यांनीं कसा केला, हें पाहण्यासारखें आहे.

फ्रान्समध्यें 'बनानिया' नांवाची कोको व केळीं यांची पूड मिळते. १९१५ सालीं तिच्या जाहिरातीवर सेनेगाली शिपाई आला. डोक्यावर लाल टोपी, चेहऱ्यावर भलें मोठें हास्य आणि तोंडीं मोडकीतोडकी फ्रेंच! त्याच महायुद्धांत पश्चिम आफ्रिकेंतील सुमारें ३०,००० शिपाई फ्रान्ससाठीं कामास आले. फ्रेंच घरांना मात्र तो शिपाई न्याहारीच्या डब्यावरील भोळा बाहुला म्हणूनच ठाऊक झाला. पुढें सेनेगालचे राष्ट्राध्यक्ष झालेले कवि सेंघोर यांनीं १९४८ च्या काव्यसंग्रहांत या हास्यावर संताप व्यक्त केला; तरी तें बोधवाक्य १९७७ पर्यंत टिकलें. जर्मनींतील 'सरोटी' चॉकलेटावरचा काळा सेवक तर २००४ सालीं बदलला.

चित्रांतला चेहरा हसत होता. कोको पिकविणारा मजूर हसत नव्हता. पोर्तुगिजांच्या साओ टोमे बेटावर अंगोलांतून आणलेले मजूर गुलामांसारखे राबत. याची कुणकुण कॅडबरी कंपनीस १९०१ सालींच लागली होती. तेथील कोको घेणें तिनें १९०९ सालीं थांबविलें. ज्या कॅडबरीचा कारखाना आपल्या मावळांत इंदुरीस आहे, तीच ही कॅडबरी. २०११ सालीं इंग्लंडमधील एका जाहिरातींत तिनें नाओमी कँपबेल या कृष्णवर्णीय स्त्रीच्या नांवाशीं चॉकलेटाची सांगड घातली, आणि तिला क्षमा मागावी लागली. म्हणजे ही केवळ जुनी गोष्ट नव्हे.

हें सारें गोऱ्यांचें आणि काळ्यांचें भांडण आहे, आपण त्यांत कोठें, असें कोणी म्हणेल. स्कॉटलंडच्या 'कँप कॉफी'ची जुनी बाटली त्याला उत्तर देईल. तिच्यावर स्कॉटिश सैनिक बसलेला आहे आणि शेजारीं शीख सेवक तबक घेऊन उभा आहे. तो शीख त्याच्या बरोबरीनें पेला घेऊन बसलेला दिसण्यास एकविसावें शतक उजाडावें लागलें.

आणि आपलें स्वतःचें काय? दिल्लीकडे काळसर तपकिरी रंगाच्या एका मिठाईस 'हबशी हलवा' म्हणतात. नांव ठेवणाऱ्याच्या मनांत द्वेष असेलच असें नाहीं. परंतु एका मानवसमूहाची ओळख तेवढ्या रंगापुरती उरली. ज्या महाराष्ट्रांत खडकी शहर वसविणारा आणि जमीनमहसुलाची व्यवस्था लावणारा मलिक अंबर हबशीच होता, तेथें तरी हा शब्द रंगाचें नांव म्हणून उच्चारतांना जीभ थोडी अडखळावी.

मुलांच्या हातांतून गोड खाऊ काढून घेण्याचें कारण नाहीं. वेष्टन फेकण्यापूर्वीं वडील मंडळींनीं एकच प्रश्न विचारावा: या चित्रांत तबक कोणाच्या हातीं आहे, आणि बसलें कोण आहे? साखर घटकेंत विरघळते. तिच्याबरोबर मनांत उतरलेलें चित्र मात्र जन्मभर राहतें.