औषधांची चाचणी आणि आपण



विषय वैद्यकाचा आणि वक्ता युनियनचा, हे पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले. पुढे जे काही शिकलो ते कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात ताटकळत बसून वाचलेल्या कागदांवरून. तेव्हा आज जे सांगू ते डॉक्टरकीच्या अधिकाराने नव्हे. सही करण्यापूर्वी कागद वाचावा, एवढे एकच शास्त्र आम्हांस येते. त्याच अधिकाराने आम्ही येथे उभे आहोत.

हा विषय का घेतला ते आधी सांगून टाकतो, कारण त्यात आमची एक चूक आहे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सालेकसा-देवरी भागातल्या एका गावी विडी कामगार बायांची सभा होती. त्याच दिवशी बाहेरगावचे एक पथक मुलांच्या रक्ताचे नमुने घेण्यास आले होते. रक्त कशासाठी हवे, ते कुठे जाणार, निकाल कोण सांगणार, याचा खुलासा त्यांनी गावाला केला नव्हता. आणि आम्हीही तो मागितला नाही. आम्ही सरळ पारावर चढलो आणि म्हणालो, "गरिबाचा घाम पुरला नाही, म्हणून आता रक्त पाहिजे!" टाळ्या पडल्या. बाया मुलांना घेऊन घरी गेल्या, पथक परत फिरले. आम्हांस तो मोठा विजय वाटला.

चार वर्षांनी त्या सभेतली एक बाई आपल्या मुलाला घेऊन कचेरीत आली. पोर दहा वर्षांचे, डोळे पिवळे, हातपाय दुखून रात्ररात्र रडणारे. कोणी वात सांगितला, कोणी बाहेरचे आहे म्हणाले; औषधपाण्यात तिचे कानातले विकले गेले. शेवटी नागपूरला तपासणी झाली तेव्हा सिकलसेल निघाला. त्या पथकाचे नमुने नेमके याच रोगासाठी होते. बाई रागावली नाही. एवढेच म्हणाली, "भाऊ, त्या वक्ती तुमीच तं नाई म्हणलं होतं."

श्रोतेहो, न समजता दिलेला होकार घातक असतो, हे आम्ही जन्मभर सांगत आलो. न समजता दिलेला नकारही तितकाच महाग पडतो, हे त्या बाईने शिकवले.

गेल्या वर्षी तीच बाई पुन्हा आली. मुलगा आता तिशीचा. हातात आठ पानांचा कागद. एका वैद्यकीय महाविद्यालयात सिकलसेलवरच्या औषधाची चाचणी होणार होती आणि त्यात येतोस का, अशी त्याला विचारणा झाली होती. "भाऊ, आता काय म्हणता?" तिने विचारले. उत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. ते शोधताना जे वाचले आणि जाणत्यांना विचारून समजून घेतले, तेच आज आपणांपुढे ठेवतो. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. असा कागद उद्या आपणांपैकी कोणाच्याही घरी येऊ शकतो.

प्रथम, चाचणी म्हणजे काय? आपल्याकडचा धानाचा शेतकरी हे जाणतो. नवे बियाणे आले म्हणजे तो एका बांधीत नवे लावतो, शेजारच्या बांधीत जुने. पाणी सारखे, खत सारखे, रोवणी एकाच आठवड्यात. नवे बियाणे बोडीखालच्या कसदार बांधीत टाकले आणि जुने वरच्या मुरमाड बांधीत, तर नव्याला पीक जास्त येईलच. पण ते गुण बियाण्याचे की जमिनीचे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

माणसाचे तसेच आहे. कित्येक ताप औषधावाचून उतरतात. ताप उतरायच्या दिवशी घेतलेल्या औषधाला फुकटचे श्रेय मिळते. म्हणून "अमक्याला गुण आला" हा पुरावा होत नाही. सारख्या माणसांचे दोन गट करावे लागतात. एकाला नवे औषध, दुसऱ्याला जुने. किंवा जुने औषधच नसेल तर तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कोण कोणत्या गटात, हे डॉक्टरने ठरवायचे नाही. तो दयाळू असला तर जास्त आजाऱ्याला नवे औषध देईल, आणि ओळखी पाळणारा असला तर ओळखीच्याला. दोन्हींमुळे बांध्या सारख्या राहत नाहीत. म्हणून चिठ्ठी टाकतात. आणि कोणाला कोणती गोळी मिळाली हे रोग्यापासून व डॉक्टरपासूनही झाकून ठेवतात, कारण आशेने माणसाला बरे वाटते आणि आशेनेच डॉक्टरलाही तो बरा दिसतो.

याचे एक उदाहरण मराठी-कानडी सीमेवरच्या बेळगाव जिल्ह्यातले घ्या. बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने बाया दगावतात, हे घरोघर माहीत आहे. तो थांबवणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन थंड ठेवावे लागते आणि टोचायला शिकलेला हात लागतो. खेड्यात दोन्हींची वाण. मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी मात्र उन्हाळ्यातही टिकते आणि तोंडाने घेता येते. पण तिने खरोखर रक्तस्राव टळतो का? बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने अमेरिकेतील मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील शाखेबरोबर २००२ ते २००५ या काळात याची चाचणी केली. घरी किंवा उपकेंद्रात नर्सबाईंच्या हातून बाळंत होणाऱ्या १६२० बाया तीत होत्या. चिठ्ठीने ८१२ जणींना खरी गोळी मिळाली, ८०८ जणींना कोरी. किती रक्त गेले हे अंदाजाने लिहिले नाही. मापाच्या खुणा असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत ते गोळा करून मोजले. कोऱ्या गोळीच्या गटात शंभरात बारा जणींना जादा रक्तस्राव झाला, खऱ्या गोळीच्या गटात शंभरात सहाच्या थोडे वर. २००६ साली हा निकाल छापला गेला आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ती गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घातली.

येथे कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे: ज्या ८०८ जणींना कोरी गोळी मिळाली, त्यांच्यावर अन्याय नाही का झाला? गोळीचा गुण आधीच सिद्ध असता, किंवा त्या ठिकाणी दुसरा सिद्ध उपाय हाताशी असून तो त्यांना नाकारला असता, तर झालाच असता. चिठ्ठी टाकण्याचा अधिकार फक्त प्रामाणिक अज्ञानाला आहे. कळल्यावर चिठ्ठी टाकणे हा गुन्हा आहे. हा भेद ध्यानात ठेवा, कारण पुढचे सारे यावर उभे आहे.

आता आपल्या सिकलसेलकडे वळू. आज या रोगावर जे हायड्रॉक्सियुरिया देतात, ते मूळचे कर्करोगाचे औषध. ते सिकलसेलला लागू पडते हे ठरले अमेरिकेत व कॅनडात. जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठाचे डॉ. सॅम्युएल चराश यांच्या नेतृत्वाखाली २१ दवाखान्यांत २९९ रोगी १९९२ पासून चाचणीत घेतले गेले; १५२ जणांना औषध, १४७ जणांना कोरी गोळी. कोऱ्या गोळीवाल्यांना वर्षाला साधारण साडेचार वेळा दुखण्याचे झटके येत, औषधवाल्यांना अडीच वेळा. हा फरक इतका स्पष्ट झाला की जानेवारी १९९५ मध्ये चाचणी ठरल्या मुदतीआधीच थांबवली. आता कळले होते. मग चिठ्ठी पुढे चालवायची कशी?

ते २९९ लोक बहुतेक कृष्णवर्णीय होते. त्यांनी होकार दिला, याचे मोल कळायला त्यांच्या समाजाची आधीची कथा ऐकली पाहिजे. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने १९३२ साली अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे गरमीच्या रोगाने आजारी असलेल्या सुमारे चारशे कृष्णवर्णीय शेतमजुरांवर पाहणी सुरू केली. त्यांना खरा आजार सांगितला नाही. पुढे पेनिसिलिन निघाले, त्याने तो रोग बरा होतो हे सिद्ध झाले, तरी त्यांना ते दिले नाही. उपचारावाचून माणूस कसा झिजतो याची टिपणे मात्र चालू राहिली. १९७२ साली वर्तमानपत्रांनी हे उघडकीस आणले तेव्हा ती बंद पडली. त्या कामाला गावच्या नामांकित शिक्षणसंस्थेचा हातभार होता. म्हणजे विद्येचे नाव दारावर आहे, एवढ्याने आत न्याय आहे असे होत नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न नवा नाही. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात, जे कैदी पुढे आले त्यांना टोचली. लसीने प्राण वाचले, हाफकिन यांची थोरवी मोठीच. पण तुरुंगातल्या माणसाचा होकार कितपत मोकळा असतो? आंध्रात खम्मम जिल्ह्यात २००९ साली गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरील लशीचा प्रकल्प झाला, तेव्हा आश्रमशाळांतल्या कित्येक मुलींच्या संमतीवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. २०१० साली तो प्रकल्प थांबवावा लागला आणि संसदेच्या समितीने त्यावर ताशेरे ओढले. दुसऱ्याच्या पोरीच्या दंडाला तिसऱ्याने होकार दिला, हाच तेथला दोष. ज्याला "नाही" म्हणण्याची सोय नाही, त्याच्या "हो"ला अर्थ नाही. मजुरीच्या करारात आम्ही हेच म्हणत आलो.

मग आज कायदा काय म्हणतो? २०१९ साली नव्या औषधांच्या व चाचण्यांच्या संबंधी नियम झाले. त्यांप्रमाणे चाचणीत येणाऱ्याला त्याला समजेल अशा भाषेत सगळे सांगावे लागते. वाचता येत नसेल तर संस्थेशी संबंध नसलेला साक्षीदार हजर लागतो. केव्हाही, कारण न देता, बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीमुळे अपाय झाला तर उपचार फुकट आणि भरपाई देणे बंधनकारक. मृत्यू झाला तर ती वारसांस. ही जबाबदारी ज्याच्या शिरावर असते तो प्रायोजक: कधी औषध कंपनी, कधी विद्यापीठ किंवा महाविद्यालय.

विद्यापीठाला औषध विकायचे नसते, हा त्यातला फायदा. जुन्या स्वस्त औषधाचा नवा उपयोग शोधण्यात कंपनीला नफा नसतो. तो प्रश्न बहुधा विद्यापीठेच विचारतात. पण विद्यापीठातही पदवी, बढती आणि नाव यांचा लोभ असतो. शिवाय आधीच मंजूर असलेल्या औषधाची निव्वळ अभ्यासासाठी चाचणी असेल, तर दिल्लीच्या औषध नियंत्रकांची वेगळी परवानगी लागत नाही. संस्थेच्या नैतिक समितीची मान्यता पुरते. म्हणजे सगळा भार त्या समितीवर. तिच्यात निदान सात सभासद असावे लागतात, एक कायदा जाणणारा, निदान एक स्त्री, आणि एक सामान्य नागरिक. तो सामान्य नागरिक कोण असतो, याची चौकशी आपण कधी केली आहे काय? ती खुर्ची आपली आहे. तेथे विडी वळणारी बाई का बसू नये, असे आम्ही विचारतो.

कागद हाती आला म्हणजे पाच प्रश्न विचारा. एक: कोणती गोष्ट तुम्हांस ठाऊक नाही, जी शोधायची आहे? दोन: मी आलो नाही तर मला कोणते उपचार मिळतील? तीन: कोरी गोळी वाट्याला येऊ शकते का, आणि औषधाचे अपाय कोणते? चार: अपाय झाल्यास रात्री कोणाला फोन करायचा, खर्च आणि भरपाई कोणाकडे, आणि खेपा घालताना बुडालेली मजुरी व बसभाडे कोण देणार? पाच: शेवटी निकाल मला सांगाल का, आणि औषध गुणकारी ठरले तर ते मला मिळेल का? चाचणीची नोंद देशाच्या सार्वजनिक नोंदवहीत आहे का, हेही पाहा. ती नोंदवही २००७ पासून आहे, नियंत्रकाधीन चाचण्यांना तिच्यातली नोंद जून २००९ पासून सक्तीची आहे, आणि कोणालाही ती फुकट पाहता येते.

त्या मुलाने हे पाचही प्रश्न डॉक्टरांना विचारले. आम्ही बाहेर बाकावर बसलो. चार प्रश्नांची उत्तरे कागदातच निघाली. बुडणाऱ्या मजुरीचे मात्र त्यात काही नव्हते; बसभाडे तेवढे होते. डॉक्टरांनी ते मान्य केले आणि मुद्दा समितीपुढे नेला. महिन्याभराने दुरुस्त कागद आला. त्यात प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी लिहिली होती, आणि ती त्या एकट्याला नव्हे, चाचणीतल्या सगळ्यांना. त्याने तो घरी नेला, दोन रात्री वाचला आणि मग सही केली.

परतताना बसमध्ये आम्ही त्याच्या आईला म्हटले, "या वेळी तुम्ही आम्हांस विचारलेच नाही." ती म्हणाली, "भाऊ, आता तुमाले कायले विचारू? त्यानं सोताच वाचलं."