जुनी गाडी आणि गटाचे पैसे



आज जरा वेगळा विषय घेतेय. आपल्या गटांमध्ये शेळ्या, शिलाई मशीन, बी-बियाणं यासाठी कर्जाची मागणी येते. जिंतूर तालुक्यातल्या एका गटात मात्र जुन्या टाटा इस्टेट गाडीसाठी 60 हजारांची मागणी आली. ताईंचा मुलगा गॅरेजात काम शिकलेला. तो म्हणाला, अशी गाडी शोधतो, हातानं दुरुस्त करतो आणि लग्नसराईत भाड्यानं देतो.

टेल्कोनं ही गाडी 1992 साली बाजारात आणली. मागं छतापर्यंत सामानाची जागा आणि वर उघडणारं दार. आता ती शोधूनच काढावी लागते.

बैठकीत दोन तट पडले. एक मावशी म्हणाल्या, “भंगारात पैसे घालायचे का?” दुसरी म्हणाली, “पोराच्या हातात कला आहे, नाही कसं म्हणायचं?” दोघींचंही खरं होतं. म्हणून आधी हिशोब मांडला. दहा जणी, दरमहा 200 रुपये बचत. म्हणजे 60 हजार जमायला अडीच वर्षं. महिना 2 टक्क्यांनी व्याज 1,200 रुपये. गाडी सहा महिने गॅरेजात उभी राहिली, तर 7,200 रुपये नुसतं व्याज.

मग गटानं ठरवलं की आधी कागद बघायचे, मग गाडी. तुमच्या घरात कुणी जुनी गाडी बघत असेल, तर तुम्हीही हे विचारा.

आरसी बुकावरचा चेसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळवा. आकडे घासलेले दिसले तर परत फिरा. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर तो उतरवल्याशिवाय पैसे देऊ नका. गाडी परराज्यातली असेल, तर तिथल्या आरटीओची ना-हरकत लागते. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढं तपासणी करून ती दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. ती केव्हा संपली आणि विमा आहे का, तेही बघा.

कागद बरोबर असले की मग गाडी. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा. चिकटलं नाही, तर रंगाखाली पुट्टी भरलेली आहे. दारांच्या खालच्या कडा आणि पायाखालचा पत्रा गंजलाय का, वाकून बघा. इंजिन थंड असताना चालू करायला लावा. निळा धूर आला, तर इंजिन ऑइल जाळतंय. इस्टेटचं इंजिन टाटाच्या पिकअपमधलंच, त्यामुळं त्याचे भाग मिळू शकतात. काचा, मागचे दिवे मिळणं अवघड. दुरुस्तीचा खर्च तिथंच वाढतो.

विकणारा “विन्टेज आहे” म्हणून भाव वाढवेल. 2021 च्या केंद्राच्या नियमानुसार विन्टेज म्हणजे 50 वर्षांहून जुनी गाडी. 1992 ची गाडी 2042 च्या आधी त्यात बसत नाही. आणि विन्टेज म्हणून नोंदलेली गाडी धंद्यासाठी वापरता येत नाही. पांढऱ्या पाटीची खासगी गाडीही भाड्यानं देता येत नाही, त्याला वेगळी नोंदणी आणि परवाना लागतो. म्हणून “भाड्यातून हप्ता फेडू” हे गटानं धरलं नाही. हप्ता मुलाच्या गॅरेजातल्या कमाईतून जाईल, असं ताईंनी लिहून दिलं.

कर्ज टप्प्यानं द्यायचं ठरलं. पहिला टप्पा कागद तपासल्यावर, दुसरा गाडी नावावर झाल्यावर. आतापर्यंत दोन गाड्या बघून झाल्या. एकीवर बोजा होता, दुसरीचे आकडे घासलेले होते. दोन्ही सोडल्या. मुलगा थोडा हिरमुसला, पण शोध चालू आहे आणि गटाचे पैसे बँकेत आहेत.

मैत्रिणींनो, गाडीच्या व्यवहारात बायकांनी काय बोलायचं, असं कुणी म्हणेल. पैसे आपले असतील, तर प्रश्नही आपणच विचारायचे. पुढच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.