लांबविलेलें हाड आणि परत मिळविलेली उडी

१९६३ सालच्या जुलै महिन्यांत वालेरी ब्रुमेल या एकवीस वर्षांच्या रशियन तरुणानें मॉस्को येथें २.२८ मीटर, म्हणजे सुमारें साडेसात फूट, उंच उडी मारून स्वतःचाच जागतिक उच्चांक मोडला. पुढील वर्षीं टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत त्यानें सुवर्णपदक मिळविलें. परंतु १९६५ सालीं मोटारसायकलच्या अपघातांत त्याच्या उजव्या पायाचा चुराडा झाला. शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया झाल्या. तरी हाड नीट सांधेना, आणि पाय आंखूड झाला.

अशा स्थितींत तो सैबेरियांतील कुर्गान शहरीं डॉ. गाव्रील इलिझारोव्ह यांच्याकडे गेला. इलिझारोव्ह यांचें उपकरण दिसावयास साधें आहे. पायाभोंवतीं धातूचीं कडीं बसवावयाचीं, हाडांतून आरपार गेलेल्या बारीक तारा त्या कड्यांना ताणून बांधावयाच्या, आणि कडीं एकमेकांना मळसूत्री दांड्यांनीं जोडावयाचीं. नंतर हाड हलक्या हातानें छेदून, सुमारें आठवडाभर थांबून, दांड्यांवरील चाक्या दिवसांतून चार वेळां किंचित् फिरवावयाच्या. दर वेळीं पाव मिलिमीटर, दिवसाकांठीं एक मिलिमीटर, असें अंतर वाढत जातें व त्या फटींत नवें हाड तयार होतें. घाई केली तर हाड धरीत नाहीं आणि मज्जातंतूंना इजा पोंचते. फार रेंगाळलें तर फट वेळेपूर्वींच सांधून जाते. हल्लीं हाडाच्या पोकळींत सळई बसवून ती बाहेरील चुंबकानें लांबविण्याचीही सोय झाली आहे. परंतु वाढीचा वेग तोच.

हाड वाढलें म्हणजे कार्य संपलें असें मात्र नव्हे. हाड नवें निर्माण होतें. स्नायु व शिरा यांना ताणून घेऊनच जुळवून घ्यावें लागतें. पोटरी आंवळून टांच उचलली जाते, गुडघा ताठतो. म्हणून इलिझारोव्ह यांचा आग्रह असे कीं, उपकरण पायावर असतांनाच रोग्यानें त्या पायावर भार देऊन चालावें. भार पडला म्हणजे हाडाला बळकटी येते. प्रथम चालणें, मग चढणें, मग धांवणें आणि सर्वांच्या शेवटीं उडी, हा क्रम महिन्यांचा नव्हे, कधीं वर्षांचा असतो.

ब्रुमेलनें हा क्रम निष्ठेनें पाळला. तो पुन्हा स्पर्धेंत उतरला आणि त्यानें दोन मीटरांहून उंच उडी मारली. २.२८ मीटरांची उंची मात्र त्याला पुन्हा लाभली नाहीं. स्नायूंतील उसळी हाडाइतकी सहज परत येत नाहीं.

हें सांगण्याचें कारण असें कीं, आज धडधाकट पायांचे तरुणही केवळ उंची वाढविण्यासाठीं ही शस्त्रक्रिया करवून घेतात. ब्रुमेलपाशीं गमावण्याजोगें थोडेंच उरलें होतें. त्याला चालतां येणें हीच मोठी कमाई होती. धडधाकट मनुष्य मात्र असलेली चपळाई पणास लावतो. चार अंगुळें उंची मिळवून धांव गमावणें परवडेल काय, हा प्रश्न घरांतील वडील मंडळींनीं मुलाशीं रागावून नव्हे, तर जवळ बसवून, शस्त्रवैद्याकडे जाण्यापूर्वींच बोलावयास हवा.