कंपन्या जगभर जोडल्या जातात, मग आपण?



मानोरा-कारंज्याचा शेतकरी कृषी केंद्रातून सरकीची थैली आणतो. त्या थैलीत किती देश बसले आहेत, ते आज पाहू.

बोंडअळी मारणारे जनुक मातीतल्या जिवाणूचे. अमेरिकेच्या मोन्सॅन्टोने ते कपाशीत घालून १९९६ साली बियाणे बाजारात आणले. पुढे ते चीनमध्ये गेले. भारतासाठी जालन्याच्या महिकोशी भागीदारी झाली आणि मार्च २००२ मध्ये सरकारने परवानगी दिली. २०१८ मध्ये जर्मनीच्या बायरने मोन्सॅन्टोच विकत घेतली.

एवढे जाळे कशासाठी? हिशेब साधा आहे. संशोधनाचा खर्च एकदाच होतो. दहा देशांत माल विकला की तो लवकर फिटतो, पुढचा सगळा नफा. जे काम जिथे परवडते तिथे करायचे. एका देशात दुष्काळ पडला तर दुसरा देश तोलून धरतो.

बीटीमुळे सुरुवातीला बोंडअळीची फवारणी कमी झाली, हे नाकारू नये. पण २००६ पूर्वी एका थैलीमागे सुमारे १२५० रुपये नुसत्या जनुकाच्या हक्काचे जात. आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले, तेव्हा थैलीचा भाव ७५० पर्यंत उतरला. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी पोखरली. त्या वेळी तोल सांभाळायला शेतकऱ्याजवळ दुसरा देश नव्हता.

कंपनी बियाण्यापासून विक्रीपर्यंत सगळ्या कड्या जोडते. आपण सोयाबीन काढतो आणि बाजार समितीत नेऊन टाकतो. तेल आणि ढेप या पुढच्या कड्या दुसऱ्याच्या. मागची कडी, बियाणे, तीही आपण सोडून दिली. संकरित कपाशीचे बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, सोयाबीन मात्र सरळ वाण आहे. घरचे राखता येते. ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवा. ७० उगवले तर बियाणे पेरणीजोगे.

कायद्याने २००३ पासून शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी काढता येते. नुसती पाटी लावून भागणार नाही. आधी गावाचे बियाणे, मग चाळणी आणि प्रतवारी, मग गोदाम, मग एकत्र विक्री. एकेक कडी हातात घ्या. आपल्या गावाची पहिली कडी कोणती, हे ठरवूनच आज येथून उठा.