वेदना थांबल्यानंतर
(वार्षिक सभेतील भाषणाचा संक्षेप)



दुखणे अंगावर काढावे, हा धडा आपल्याकडे खेळाडूला बालपणीच मिळतो. तो सर्वस्वी चुकीचा नाही. नव्या व्यायामानंतर मांड्या भरून येतात, जिना उतरणे नकोसे होते. ही वेदना तीन-चार दिवसांत ओसरते. परंतु सांध्यात एकाच जागी बोचणारी, सूज आणणारी वेदना निराळी. मलम चोळून तशा गुडघ्यावर सामना पुरा करणे, याला मी शौर्य म्हणणार नाही.

आज बोलायचे आहे ते मात्र वेदना थांबल्यानंतरच्या काळाविषयी. चढाई करणारा कबड्डीपटू पाय रोवून एकाएकी वळतो, तेव्हा गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटू शकतो. शस्त्रक्रियेत बहुधा रुग्णाच्याच शरीरातील कंडरा घेऊन त्या जागी बसवतात. दोन-तीन महिन्यांत सूज उतरते, दुखणे जाते. नेमका याच सुमारास तो नवा बंध अतिशय दुबळा असतो. कारण त्याची अंतर्रचना नव्याने घडत असते. निसर्गाची ही क्रूर थट्टाच म्हणायची! २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, नऊ महिन्यांपर्यंत मैदानावरील पुनरागमन जितके लांबवावे, तितके प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटते. शिवाय केवळ महिने मोजून भागत नाही. त्या मांडीची ताकद दुसऱ्या मांडीच्या किमान ९० टक्के व्हावी लागते. विनेश फोगाट यांचा गुडघा २०१६ मध्ये रिओ येथे लढतीतच जायबंदी झाला. जकार्ता येथील आशियाई सुवर्णपदक २०१८ मध्ये आले.

पोलीस भरती तोंडावर आली की आई-वडील विचारतात, "डॉक्टरसाहेब, आता दुखत नाही, मग का धावू नये?" प्रश्न अवाजवी नाही. त्या १६०० मीटरच्या धावेवर घराचे भवितव्य टांगलेले असते. तरीही थांबावेच लागते.

शस्त्रक्रियेसाठी देणगी मिळते. यंत्रावर दात्याचे नावही कोरता येते. महिनोन्महिने व्यायामासाठी गावाहून येण्याचे एस.टी.चे भाडे आणि बुडालेली रोजंदारी यांना नावाची पाटी लावता येत नाही. म्हणूनच व्यायाम अर्ध्यावर सुटतात. माझी विनंती एवढीच की, आपल्या देणगीतील काही भाग भौतिकोपचार विभागातील गरजू रुग्णांच्या प्रवासखर्चासाठी राखून ठेवावा.